पिल्लं उतरेपर्यंत

कारखान्याची बस बेंगळुरूच्या मार्केटच्या चौकात अडकली तेव्हा रघुजीला खिडकीतून आधी एक तासलेलं डोकं दिसलं, आणि डोक्याखालचा माणूस मागाहून दिसला. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात ते डोकं ओल्या दगडासारखं चमकत होतं. कानांमागच्या कातडीला कित्येक वर्षांत ऊन लागलं नसावं, ती बाकीच्या मानेहून गोरी होती. माणूस आनेकलच्या बसमधून नुकता उतरलेला असावा. काखेत फडक्यानं तोंड बांधलेली बुट्टी होती, आणि रस्ता ओलांडावा की नाही या विचारात त्यानं एक पाय फुटपाथच्या खाली सोडला होता. तो पाय रघुजीनं ओळखला. घोट्यापाशी आत वळलेला तो पाय त्याच्या थोरल्या भावाचा, जयसिंगरावाचा, म्हणजे अण्णाचा होता. चेहरा मात्र कुणाचाच नव्हता. मिशी फुटल्यापासून अण्णाचा वरचा ओठ कुणी पाहिलाच नव्हता. तो आता नुकत्याच जन्मलेल्या जिवासारखा उघडा, काहीतरी विचारायला निघालेला दिसत होता. मग पोलिसानं हात खाली केला, बस हलली, आणि अण्णा एका केळीवाल्याच्या गाडीमागं गेला. उतरावं असं रघुजीला वाटलं. पाय उचललेसुद्धा त्यानं. पण त्यांच्या घरात आता ज्याच्यासाठी डोकं तासावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि खाली उतरलं की ते उरणार नव्हतं. बसमध्ये बसून राहिलं तर अव्वा, त्याची आई, आणखी थोडा वेळ असणार होती. तो बसून राहिला. शेजारच्यानं विचारलं, "काय हो, विंडो बंद करू का? वारं लागतंय." तो म्हणाला, "हं, करा."

ड्रॉइंग बोर्डावर एका छोट्या पुलीचा आडवा छेद लावलेला होता. कालच्या रेषा आजही तिथंच होत्या याचं त्याला नवल वाटलं. रजा मागायची तर कारण सांगायला हवं. कारण सांगायचं तर ते वाक्य तोंडानं उच्चारायला हवं. त्यानं पेन्सिलीला टोक केलं. पद्माकर नावाचा पुण्याचा एक तरुण त्याच्या मागच्या बोर्डावर होता, तो येता-जाता डोकावून म्हणाला, "रघुजीराव, आज लाईन थरथरतेय तुमची! रात्री जास्त झाली काय?" आणि स्वतःच हसला. रघुजीही हसला. हसता येतं, हे त्यानं पाहून घेतलं. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं कागदावर पेन्सिली ओढत होती. डोळे मिटले तर तो आवाज दुसऱ्याच कशाचा तरी होई. सुकलेल्या पानांवरून कुणी तरी लुगड्याचा काठ ओढत नेतंय, नेतंय, आणि संपतच नाही, असा. रेशमाच्या किड्यांची कात टाकायची चौथी झोप संपली, अंग बोटाएवढं झालं, की ते असे खातात. एक खोलीभर किडे, एकावर एक मांडलेल्या बांबूच्या सुपांत, आणि सगळी खोली सरसरत असते. त्या आवाजात अव्वा अनवाणी फिरायची. तुतीचं पान पसरताना बांगडी वाजू नये म्हणून ती बांगड्या कोपराकडे सारून वर दोरा बांधायची. किडे म्हटलेलं तिला खपायचं नाही. "पिल्लं म्हण," ती म्हणे. आणि ओठ न हलवल्यासारखी, श्वासावरच म्हटल्यासारखी तिची ओवी चालायची:

हिरव्या पानाखाली निजलं गं बाळ माझं
हळू टाक पाय सई, उंबऱ्याला नको ओझं

तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या घोड्यांमागून हे लोक इकडे आले म्हणतात. घोडे गेले, सरदार गेले; राहिली ती आनेकलच्या आसपासची चार-पाच गावं, नाचणीची शेतं, तुती, आणि कानडीत बुडवून काढलेली ही मराठी. अव्वाला, म्हणजे गोदूबाईला, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोणत्या पिल्लाला कधी झोप येणार हे ती त्याच्या मानेच्या ताठपणावरून सांगायची. त्या खोलीचे कायदे तिला तोंडपाठ होते. पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. डोक्याला वासाचं तेल नको, तोंडाला विडी नको, फोडणीचा हातही नको. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि मसणात जाऊन आलेल्या माणसानं त्या दाराकडं बघायचंसुद्धा नाही, रडणं तर दूरच. पिल्लांना रडणं ऐकू येतं, मग ती पान सोडतात.

दुपारची शिट्टी झाली. त्यानं डबा उघडला, बायकोनं, विमलानं दिलेली पोळी मोडली आणि तशीच ठेवली. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हाही पिल्लं शेवटच्या पानावर होती, कोष विणून उतरायला थोडे दिवस होते. वडिलांना परसदारानं नेलं, पुढल्या दारानं नाही, कारण पुढल्या दाराला लागून ती खोली होती. बायका ओठ दाबून उभ्या होत्या. कुणी हूं का चूं केलं नाही. त्याला रडू फुटलं तेव्हा अव्वानं पदराचा बोळा त्याच्या तोंडात धरला. "आत्ता नको रे. स्वल्प थांब. पिल्लं उतरू दे, मग रड." त्या पदराची आंबूस हिरवी चव त्याला आजही जिभेवर आठवत होती. मसणात अण्णाचं डोकं तासलं, अण्णानं अग्नी दिला. रघू सगळ्यांचा डोळा चुकवून तिथून पळाला. तो कुठं जाणार? अव्वा जिथं असायची तिथंच तो गेला. अव्वा तेव्हा विहिरीवर न्हात होती. खोलीत कुणी नव्हतं. अंगाला धूर, पायांना राख, अशा अवस्थेत तो त्या सुपांच्या मधोमध उभा राहिला आणि भोकाड पसरून रडला. किती वेळ रडला ठाऊक नाही. त्याचं रडणं थांबलं तेव्हा खोली गप्प होती. ती आपल्यामुळं गप्प झाली, की आपल्याला ऐकू येईनासं झालं, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

चौथ्या दिवशी पिल्लं पिवळी पडली. फुगली. कातडी ताणून चकचकीत झाली आणि बोट लावताच फुटून दुधासारखं पाणी गळू लागलं. काही सुपाच्या काठावरून डोकं खाली करून लोंबत राहिली. घरामागं खड्डा खणून सगळं पीक त्यात लोटलं. चुलते म्हणाले, "ह्या पोरानं रडून घालवलं बघा." अव्वानं त्याला मारलं नाही, जवळ घेतलं नाही, 'जाऊ दे' म्हटलं नाही. फावड्यानं माती ओढत राहिली. जून लागला तेव्हा त्याला बेंगळुरूला मराठा मुलांच्या वसतिगृहात ठेवलं. शिक्षणासाठी, असं सगळे म्हणाले. तो शिकला, ड्राफ्ट्समन झाला, सरकारी कारखान्यात लागला, राजाजीनगरात घर मिळालं, लग्न झालं. कृषिखात्याचं एक पत्रक एकदा त्याच्या हाती पडलं. त्यात त्या रोगाचं नाव होतं, चित्र होतं, ओल्या पानानं आणि कोंडलेल्या हवेनं तो पसरतो असं लिहिलं होतं. ते पत्रक त्यानं घडी घालून पाकिटात ठेवलं होतं. पाकिटं बदलली, पत्रक तेच होतं. पण तीस वर्षांत तो मोठ्यानं रडला नव्हता. गावी गेला तर अव्वा बाहेर पडवीतच त्याला बसवायची, तिथंच ताट आणायची. आणि पिल्लं असली की हात आडवा धरायची: "आत नको, रघू." एवढंच. तो आडवा हात त्याला दर वेळी नव्यानं दिसे.

पाच वर्षांपूर्वी, अठ्ठावन्न साली, ती एकदाच राजाजीनगरला येऊन राहिली होती. चार दिवस. नव्या घराच्या लाल फरशीवर ती अशी चालायची की विमला दोनदा दचकली. विमला पुण्याची, मोकळ्या गळ्याची. ती रघुजीला हळूच म्हणाली, "तुमच्या आई सगळं कुजबुजतच का बोलतात हो? मला वाटतं माझ्याबद्दलच चाललंय." अव्वानं ते ऐकलं. तिला सगळंच ऐकू यायचं. म्हणाली, "तुझ्याबद्दल बोलायचं तर मोठ्यानं बोलंन की गं. भीती काय तुझी!" विमला हसली, तीही हसली, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता. पहाटे उठून ती अंधारात विचारायची, "पान घातलं का?" मग आपण कुठं आहोत ते आठवून गप्प बसायची. तिसऱ्या दिवशी ती पायरीवर तांदूळ निवडत बसली असताना त्यानं आतून ऐकलं:

सोन्याचं घर बांधी, दार-खिडकी ठेवीना
आत निजला राजा माझा, हाक आईची ऐकेना

ही पिल्लांचीच ओवी, कोष विणून आत बसलेल्या पिल्लांची. तरी तो दाराआड थांबला आणि बाहेर गेला नाही. जाताना बसस्टँडवर तिनं खिडकीतून त्याचं मनगट धरलं. "रघू, त्या वर्षी..." ती म्हणाली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग इंजिनाकडं बघितलं. तिचा आवाज त्या इंजिनाच्या वर जाणारा नव्हताच. "सरी, जाऊ दे," ती कानडीतलं 'बरं' मिसळून म्हणाली आणि मनगट सोडलं. 'त्या वर्षी' या दोन शब्दांपुढं काय होतं, हे शोधण्यात त्याची पाच वर्षं गेली. कधी त्याला वाटे, ती म्हणणार होती, तुझा दोष नव्हता. कधी वाटे, म्हणणार होती, मी विसरले नाही. दोन्ही वाक्यं त्यानं तिच्या आवाजात म्हणून पाहिली होती. दोन्ही खरी वाटायची.

संध्याकाळी बस राजाजीनगरच्या कोपऱ्यावर थांबली. आणखी शंभर पावलं अव्वा होती. मग पन्नास. अण्णा पायरीवर बसला होता, घरात नाही. शेजारी ती बुट्टी, फडकं अजून बांधलेलं. विमला दारात उभी होती आणि तिचे डोळे सुजले होते.

"अहो, सकाळपासून बसलेत हे इथे. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी शेजारून फोन करते म्हटलं तर नको म्हणाले."

"कामावर कशाला सांगायचं," अण्णा म्हणाला. "बस, रघू."

रघुजी त्याच्याजवळ पायरीवर बसला. अण्णाचा उघडा ओठ हलला, थांबला.

"अव्वा गेली."

"कधी?"

"आज बारावा."

बारा. रघुजीनं मागं मोजलं. पहिला दिवस सोमवार होता. तो सोमवारी संध्याकाळी विमलाला घेऊन सिनेमाला गेला होता, आणि त्यातल्या एका विनोदाला खूप हसला होता.

विमला पुढं आली. "बारा दिवस? अण्णा, अहो सख्खा मुलगा ना त्यांचा! एक तार करता आली नाही तुम्हाला? शेवटचं तोंड..."

"विमला," रघुजी म्हणाला.

"नाही, मी बोलणार. कुणी सांगितलं असं करायला?"

अण्णानं बुट्टीच्या फडक्याची गाठ सोडायला घेतली. ती त्याला सुटेना. "तिनंच," तो म्हणाला. "पिल्लं शेवटच्या पानावर होती. रघूला आत्ता कळवू नका म्हणाली. पिल्लं उतरेपर्यंत कळवू नका. काल उतरली." गाठ सुटली. आत अवऱ्याच्या, वालासारख्या शेंगा होत्या. "रिकाम्या हातानं कसं यायचं," तो शेंगांकडं बघत म्हणाला. मग फडक्याची घडी घालत, "आणखी एक बोलली ती. ते तुझी वैनी सांगंल. मला न्हाई जमायचं. उद्या चल तू."

म्हणजे ती विसरली नव्हती. रघुजीला आश्चर्य वाटलं नाही. कुठली तरी दार-खिडकी अगदी हळू लागली, एवढंच वाटलं. मरतानाही तिनं हात आडवा धरला. आत नको, रघू. तू येशील, रडशील, पिल्लं पान सोडतील. तिचं काय चुकलं? तिनं एकदा पाहिलं होतं. विमला रागानं रडत शेंगा ताटात ओतत होती. तिच्या रडण्याचा आवाज घरभर फिरत होता, आणि त्याला सारखं वाटत होतं की तिला सांगावं, हळू.

सकाळची आनेकलची बस अर्धी रिकामी होती. विमला खिडकीशी बसली. पुढच्या बाकावर अण्णाचं डोकं झोपेत डुलत होतं, त्यावर बारीक पांढरे अंकुर आले होते. कोरमंगलाची भातशेतं मागं गेली, मग नाचणीची कापलेली रानं, धुकं. रघुजीनं पाकिटातून ते पत्रक काढलं. घड्यांवर अक्षरं पुसली होती. हे तिला वाचून दाखवायचं त्याच्या मनात किती वेळा आलं होतं! बघ अव्वा, रोग होता, पान ओलं होतं. तिनं ऐकून घेतलं असतं, सरी म्हटलं असतं, आणि पाय धुवायला सांगितलं असतं. ज्या माणसाला वाचता येत नाही त्याच्यापुढं छापील कागद धरून सुटका मागायची, याची त्याला आता लाज वाटली. त्यानं घडी परत घातली. अण्णा जागा झाला आणि मागं न वळताच बोलू लागला, झोपेतल्यासारखा. "मी दहा दिवस रानातल्या खोपीत निजलो. घरी न्हाई गेलो. तुझ्या वैनीनं एकटीनं पान घातलं. अव्वाचं सगळं तिनं केलं बघ, दोन महिने. न्हाऊ घालणं, हगणं-मुतणं, सगळं. आणि गेल्यावर हात न्हाई लावला. लावला असता तर पिल्लांत जाता आलं नसतं. लांब उभी राहिली, त्या जांभळीखाली. पायाला हात लावायचा राहिला म्हणते." विमलानं डोळे पुसले नाहीत, नुसते बाहेर वळवले.

वैनी दारातच होती. विमलाला तिनं हात धरून आत नेऊन बसवलं, आणि बाहेर आली. काळवंडलेली, खांद्यातून वाकलेली, आणि अव्वासारखीच बांगड्या वर सारलेली. रघुजी सवयीनं दगडी डोणीकडं गेला आणि चपला काढून त्यानं तांब्या उचलला.

"पाय नका धुऊ, भावजी," ती म्हणाली.

तो तांब्या धरून उभा राहिला.

"आत्तींनी सांगून ठेवलंय. धुऊ नका." अव्वाला आत्ती म्हणणारी वैनी एकेक शब्द जपून ठेवलेल्या जागेवरून काढावा तशी बोलत होती. "त्या दिवशी बोलता येत होतं त्यांना. ह्यांना म्हणाल्या, रघूला आत्ता आणलात तर त्याला पुन्हा गप् बसायला लागंल. पिल्लं हाईत, लोक हाईत, सगळी त्याच्या तोंडाकडं बघतील. पिल्लं उतरू द्यात. पुढल्या पिकाचं बी आणू नका, एक पीक सोडा. खोली मोकळी करा, आणि मग त्याला आणा."

"कशाला?"

"मला म्हणाल्या, मी त्याच्या तोंडात बोळा धरला. पिल्लं उतरली की रड म्हटलं, आणि पिल्लं उतरलीच न्हाईत. पुढं कधी रड म्हणायचं मला सुधरलं न्हाई. दर वर्षाला म्हणायचं ठरवलं, दर वर्षाला खोलीत पिल्लं असायची." वैनीनं त्याच्या हातातला तांब्या घेतला आणि खाली ठेवला. "त्याला म्हणावं, त्या दिवशी मसणातनं आला होतास तसाच ये. चपला घालून ये. धूळ असू दे."

तिनं दार ढकललं. त्यानं चपला घातल्या. उंबऱ्यापाशी त्याचा पाय आपोआप उचलून हळू पडला, चपलेचा आवाज झाला नाही. आत सुपं भिंतीला टेकवून ठेवली होती, शेणानं सारवलेली, वाळलेली. तुतीचा वास होता, पण जुना. कोपऱ्यात बांबूच्या चंद्रिका होत्या, चकलीसारख्या वेटोळ्यांच्या. पिल्लं त्यांवर चढून कोष विणतात. वेटोळ्यांत इथं-तिथं पांढरा कापूस अडकून राहिला होता. त्या पिकातले कोष परवा उतरले होते. तो खोलीच्या मधोमध गेला. नऊ वर्षांचा असताना तो इथंच उभा होता, आणि तेव्हा सुपं त्याच्या डोक्याच्या वर होती. आता छत डोक्याला लागत होतं. त्यानं कान दिला. काही सरसरत नव्हतं. मग त्यानं तोंड उघडलं, पण तिथं पदराचा बोळा होता, आंबूस, हिरवा, तीस वर्षं धरलेला, आणि घशातून आला तो आवाज अव्वाचा होता, श्वासावरचा, कुणाला ऐकू न जाणारा.

वैनी उंबऱ्याबाहेर उभी होती. दहा दिवस या खोलीत पान घालणारी, जांभळीखाली लांब उभी राहिलेली वैनी. तिनं बांगड्यांवरचा दोरा सोडला. बांगड्या मनगटावर घसरत आल्या आणि खणखणून वाजल्या.

"मोठ्यानं, भावजी," ती म्हणाली. तिचाच आवाज आधी फुटला, घराबाहेर रस्त्यापर्यंत गेला. "मोठ्यानं. आत कुणी निजलेलं न्हाई."